एडवर्ड मर्रो : एका बातमीदाराचें चरित्र

बातमी कोणाच्या तोंडून आली यावर तिच्यावरील आपला विश्वास पुष्कळसा अवलंबून असतो. नदीस पूर आला आहे असें वेशीवर भेटलेल्या अनोळखी वाटसरूनें सांगितलें आणि तेंच आपल्या वडिलांनीं सांगितलें, तर शब्द तेच असूनहि आपण दुसऱ्या वेळीं अधिक लवकर उठतों. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेंतील लक्षावधि कुटुंबें रोज संध्याकाळीं एका माणसाच्या तोंडून जगाची बातमी ऐकत आणि ती खरी म्हणून धरून चालत. त्या माणसाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. या गृहस्थांचें आडनांव मराठी कानास अशुभ लागतें हें आम्हांस ठाऊक आहे. वर्गांत तें उच्चारलें कीं मागील बांकांवर हंशा पिकल्याशिवाय राहत नाहीं. म्हणून र या अक्षरास दुहेरी करून आम्ही तें मर्रो असें लिहीत आहों. हंसणारांनीं आतांच हंसून घ्यावें.

एडवर्डचा जन्म इ. स. १९०८ च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत, ग्रीन्सबरो शहराजवळच्या एका ओढ्याकांठीं झाला. आईबापांनीं ठेविलेलें नांव एग्बर्ट. तें त्यास मुळींच आवडत नसे, आणि कॉलेजांत गेल्यावर त्यानें तें टाकून एडवर्ड हें नांव धारण केलें. घराणें क्वेकर पंथाचें होतें. या पंथाचे लोक शपथ घेत नाहींत, कारण ज्याचें रोजचें बोलणें खरें आहे त्यास वेगळी शपथ कशास पाहिजे, असें ते मानतात. घरांत रोज रात्रीं पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्यानें वाचण्याचा नेम असे. वीज नाहीं, नळ नाहीं, आणि शेताचें उत्पन्न बेताचें. शेवटीं एडवर्ड सहा वर्षांचा असतांना त्याच्या वडिलांनीं शेत सोडलें आणि बायकामुलांस घेऊन आगगाडीनें सारें खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन संस्थानांत ते ब्लँचर्ड नांवाच्या खेड्यांत येऊन राहिले. तेथें दाट जंगल. झाडें तोडून त्यांचे ओंडके वाहून नेण्यासाठीं जंगलांत रूळ घातलेले असत, त्या गाडीच्या इंजिनावर वडिलांस काम मिळालें. तिघेहि भाऊ शेजाऱ्यांच्या शेतांवर मजुरी करीत. हायस्कूलमध्यें असतांना एडवर्ड शाळेची मोटारबस स्वतः चालवीत असे, वादविवादाच्या चढाओढींत बोलत असे, आणि शेवटच्या वर्षीं सर्व विद्यार्थ्यांचा तो पुढारी निवडला गेला. परंतु कॉलेजच्या खर्चास पैसा नव्हता. शाळा संपल्यावर एक वर्ष तो लांकूडतोड्यांच्या छावणींत राहिला. तेथें त्यानें पैसा सांठविला, आणि शिवराळ भाषाहि थोडीशी सांठविली. ती पुढें आयुष्यभर सुटली नाहीं म्हणतात. आईस याचें फार वाईट वाटे.

वॉशिंग्टन स्टेट कॉलेजांत त्यास ज्या शिक्षिका लाभल्या त्यांच्याविषयीं आम्ही थोडें सविस्तर लिहिणार आहों. आमचाच धंदा तो असल्यामुळें हा पक्षपात वाचकांनीं क्षम्य मानावा. त्यांचें नांव आयडा लू अँडरसन. लहानपणीं पोलिओ होऊन त्यांच्या पाठीच्या कण्यास बांक आलेला होता व शरीर खुरटलेलें होतें. एडवर्डहून त्या वयानें फार मोठ्या नव्हत्या, आठ वर्षांचेंच अंतर. त्या वक्तृत्व शिकवीत. वक्तृत्व म्हणजे हातवारे आणि मोठा आवाज अशी पुष्कळांची समजूत असते. अँडरसनबाईंचें शिकवणें याच्या उलट होतें. वाक्याचा अर्थ स्वतःच्या मनांत पुरता उतरला नसेल तर तें वाक्य उच्चारूं नये, आणि उतरला असेल तर तें साधेपणानें उच्चारावें, असा त्यांचा कटाक्ष असे. या उंच, देखण्या, थोड्या उदास मुलांत कांहीं आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि वर्गाबाहेरचा वेळहि त्याच्यासाठीं खर्च केला. १९३० सालीं तो पदवीधर झाला तेव्हां त्याचा आवाज तयार झालेला होता. त्या आवाजानें सांगण्यासारखें कांहीं मात्र अजून घडावयाचें होतें.

न्यू यॉर्क शहरांत आल्यावर मर्रो यांनीं प्रथम विद्यार्थ्यांच्या एका राष्ट्रीय संघाचें काम पाहिलें, आणि १९३२ पासून निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांमध्यें देवाणघेवाण घडवून आणणाऱ्या संस्थेंत ते साहाय्यक संचालक झाले. दुसऱ्याच वर्षीं जर्मनींत हिटलरच्या हातीं सत्ता आली. ज्यू प्राध्यापकांस आणि नव्या राजवटीपुढें मान न लवविणाऱ्या इतर विद्वानांस विद्यापीठांतून घालवून देण्यांत येऊं लागलें. त्यांस अमेरिकेंत जागा मिळवून देण्यासाठीं जी समिति निघाली तिचे मर्रो हे साहाय्यक चिटणीस होते. या समितीनें तीनशेंहून अधिक विद्वानांस आश्रय दिला. पंचवीस वर्षांचा तरुण दिवसभर अशा लोकांचीं पत्रें वाचीत बसला असतां त्यास काय वाटलें असेल याचा विचार करावा. जुलूम म्हणजे काय हें ते पुस्तकांतून शिकले नाहींत. रोजच्या टपालांतून शिकले.

१९३५ सालीं कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या रेडिओ कंपनींत ते लागले. येथें एक गोष्ट लपविणें आम्हांस बरें वाटत नाहीं. नोकरीच्या अर्जांत मर्रो यांनीं आपलें वय पांच वर्षांनीं वाढवून लिहिलें होतें, आणि कॉलेजांतील विषय वक्तृत्व असतांना दुसरा अधिक भारदस्त विषय दाखविला होता. पुढें ज्यांच्या शब्दावर सारें राष्ट्र विसंबलें त्यांच्या हातून हें झालें आहे.

दोन वर्षांनीं कंपनीनें त्यांस लंडनला पाठविलें. काम बातमीदाराचें नव्हतें. युरोपांतील थोर लोकांचीं भाषणें, गायनें, लहान मुलांचे कार्यक्रम अमेरिकेंत ऐकवावयाचे, त्यांची व्यवस्था लावणें एवढेंच. लंडनमधील अमेरिकन वार्ताहरांच्या मंडळानें त्यांस सभासद करून घेण्याचेंहि नाकारलें, कारण रेडिओवाला हा बातमीदार कसला! १९३८ च्या मार्च महिन्यांत मर्रो पोलंडमध्यें मुलांच्या एका कार्यक्रमाची जुळवाजुळव करीत होते. इतक्यांत हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरल्याचें त्यांस व्हिएन्नाहून त्यांचे सहकारी विल्यम शायरर यांनीं कळविलें. मर्रो बर्लिनला आले. तेथें वेळेवर जाणारें विमान मिळेना, तेव्हां २७ आसनांचें एक अख्खें विमान १,००० डॉलरांस भाड्यानें घेऊन ते एकटेच त्यांत बसून व्हिएन्नास गेले. मार्चच्या १३ तारखेस रात्रीं लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम आणि व्हिएन्ना या पांच राजधान्यांची हकीकत एकाच अर्ध्या तासांत अमेरिकेंतील घराघरांत ऐकूं गेली. आज हें मुलांस क्षुल्लक वाटेल. त्या दिवसापर्यंत असें कोणीं केलेलें नव्हतें, आणि भाषणें जुळविणारा मनुष्य त्या रात्रीं बातमीदार झाला तो कायमचा.

आतां लंडनकडे वळूं. १९४० च्या सप्टेंबरच्या ७ तारखेपासून जर्मन विमानें त्या शहरावर रात्रीमागून रात्रीं बाँब टाकूं लागलीं. सलग ५७ रात्रीं हा वर्षाव चालला. अमेरिका त्या वेळीं युद्धांत नव्हती, आणि तेथील बहुसंख्य लोकांची युद्धांत पडण्याची इच्छाहि नव्हती. मध्यें तीन हजार मैलांचा समुद्र. न्यू यॉर्कमध्यें लोक जेवणें आटोपून दिवाणखान्यांत बसले म्हणजे लंडनमध्यें मध्यरात्र उलटलेली असे, आणि त्याच वेळीं मर्रो तळघरांतील एका खोलींत यंत्रापुढें बसत. लंडनचें नांव सांगणाऱ्या दोनतीन साध्या शब्दांनीं ते आरंभ करीत. त्यांतील पहिल्या शब्दावर जोर देऊन क्षणभर थांबावें, मग पुढचे शब्द उच्चारावे, ही सूचना दूर वॉशिंग्टन संस्थानांत रेडिओस कान लावून बसलेल्या अँडरसनबाईंनीं त्यांस केली होती. तो क्षणभराचा विराम सबंध देशाच्या ओळखीचा झाला. बाई १९४१ सालीं वारल्या.

मर्रो काय सांगत? कोणतें कारखान्याचें ठिकाण उडालें, किती विमानें पाडलीं, हें सरकारी पत्रकांत असेच. ते काळोख्या रस्त्यांतून चालत, आगविझव्यांबरोबर उभे राहत, आणि दिसलें तें सांगत. दुकानाची कांच फुटली असतां दुकानदार तुकडे झाडून पुन्हां दुकान उघडतो, हेंहि त्यांना बातमी वाटे. ऑगस्टमधील एका रात्रीं ट्रॅफल्गार चौकांतील एका मंदिराच्या पायऱ्यांशीं ते उभे होते. भोंगा वाजूं लागला. लोक खालच्या आश्रयस्थानाकडे जाऊं लागले. मर्रो यांनीं बोलणें थांबविलें आणि हातांतील ध्वनियंत्र फरसबंदीवर ठेवलें. अमेरिकेंतील श्रोत्यांस केवळ पावलांचा आवाज ऐकूं आला, आणि त्या पावलांत धांवपळ नव्हती. लंडनवासी घाबरले नाहींत हें शब्दांनीं सांगितलें असतें तर कोणी मानलें असतें, कोणी नसतें. परंतु कानांनीं ऐकलेल्या पावलांवर कोण अविश्वास दाखविणार? पुढें गच्चीवर उभें राहून प्रत्यक्ष हल्ला चालू असतां बोलण्याची परवानगी त्यांनीं मागितली. शत्रूस उपयोगी असें कांहीं तोंडून निघणार नाहीं अशी खात्री पटविण्यासाठीं अनेक रात्रीं चांचणीचीं भाषणें करून दाखवावीं लागलीं, तेव्हां ती मिळाली. त्यांची कचेरी एकाहून अधिक वेळां बाँबनें उध्वस्त झाली.

१९४१ च्या अखेरीस ते मायदेशीं आले तेव्हां त्यांची कीर्ति फार झालेली होती. डिसेंबरच्या ७ तारखेस अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घरीं त्यांस सपत्नीक जेवणाचें आमंत्रण होतें. त्याच दिवशीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. जेवण रद्द झालें असेल असें त्यांस वाटलें, पण बाईसाहेबांनीं त्यांस यावयास सांगितलें. जेवण झाल्यावर अध्यक्षांनीं निरोप पाठवून त्यांस थांबवून घेतलें, आणि मध्यरात्रीनंतर आंत बोलावून अमेरिकेची किती विमानें जमिनीवरच नष्ट झालीं हें मोकळेपणानें सांगितलें. त्या रात्रीं जगांतील सर्वांत मोठी बातमी त्यांच्या हातांत होती. ती सांगूं नये असें अध्यक्षांनीं बजावलें नव्हतें. मर्रो रात्रभर येरझाऱ्या घालीत राहिले, आणि त्यांनीं ती सांगितली नाहीं. योग्य केलें कीं नाहीं याविषयीं त्यांच्या स्वतःच्या मनाचा निर्णय पुढेंहि पक्का झाला नाहीं.

युद्धाचीं पुढील वर्षें आम्ही थोडक्यांत आटोपतों. कंपनीचा विरोध असतांहि ते बाँब टाकणाऱ्या विमानांतून सुमारें २५ वेळां गेले. १९४३ च्या डिसेंबरांत बर्लिनवर गेलेल्या विमानांत त्यांच्यासह जे वार्ताहर निघाले होते ते सगळे परत आले नाहींत. १९४५ च्या एप्रिलमध्यें बुखेनवाल्ड येथील बंदिछावणींत ते शिरले. तेथें पाहिलेलें सांगावयास त्यांस तीन दिवस लागले, आणि तेव्हांहि पुष्कळ भागाचें वर्णन करण्यास आपणांजवळ शब्द नाहींत असें त्यांनीं श्रोत्यांस कळविलें.

युद्ध संपलें. मर्रो अमेरिकेंत परतले, तो देश मात्र झपाट्यानें बदलत होता. १९५० सालच्या अमेरिकन संसाराची थोडी कल्पना पालकांस यावी म्हणून कांहीं भाव देतों. डॉलर तेव्हां सुमारें पावणेपांच रुपयांचा होता आणि त्याचे शंभर सेंट. पौंडभर पाव १४ सेंटांच्या आसपास, सुमारें एक लिटर दूध घरपोंच २० सेंट, कोकाकोलाची बाटली ५ सेंट, पत्राचें तिकीट ३ सेंट. मजुरास तासाला निदान ७५ सेंट, म्हणजे ३ रुपये ९ आणे दिलेच पाहिजेत असा कायदा त्याच वर्षीं जानेवारीपासून अमलांत आला. न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाऊन नांवाची हजारों घरांची एकाच सांच्याची वसाहत उठली. तेथें ७,९९० डॉलरांस घर मिळे, आणि १९५० सालच्या नमुन्यांत टेलिव्हिजनचें यंत्र भिंतींतच बसविलेलें असे. मात्र कृष्णवर्णीयांस त्या वसाहतींत घर देण्यांत येत नसे. टेलिव्हिजन वेगळा घ्यावयाचा तर दोनशें डॉलरांच्या आसपास पडे. हिशेब करणाऱ्या मुलांनीं करून पाहावा : अगदीं कमी मजुरी मिळविणारास आठवड्याला ४० तास धरून साडेसहा आठवड्यांहून अधिक राबावें लागे. तरीहि लोकांनीं घेतला. १९५० सालीं दहांत एकाहि घरीं तो नव्हता. १९६० पर्यंत दहांपैकीं सुमारें नऊ घरीं आला.

आणि त्यांत लोक काय पाहत? १९५३ च्या जानेवारीच्या १९ तारखेस लूसी नांवाच्या विनोदी नाट्यमालेंतील नायिकेस मुलगा झाला, तो प्रसंग ४ कोटी ४० लक्ष लोकांनीं पाहिला. दुसऱ्या दिवशीं आयझेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधि होता. तो पाहणारे सुमारें २ कोटी ९० लक्षच निघाले.

मर्रो यांस हें यंत्र प्रथम आवडलें नव्हतें. १९५१ च्या नोव्हेंबरच्या १८ तारखेस फ्रेड फ्रेंडली या सहकाऱ्यासह त्यांनीं आपला साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला, तो आतां पाहा अशा अर्थाच्या नांवानें. पहिल्याच दिवशीं त्यांनीं न्यू यॉर्क येथील पूल आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथील पूल एकाच वेळीं शेजारीं शेजारीं दाखविले. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर एका खोलींत बसून एकाच क्षणीं पाहणारी ती माणसांची पहिली पिढी.

परंतु त्या सुखवस्तु घरांत एक भीतिहि शिरलेली होती. रशियाशीं वैर जुंपलें होतें, आणि १९५० च्या फेब्रुवारीपासून जोसेफ मॅकार्थी नांवाचे सेनेटर सरकारी खात्यांत कम्युनिस्ट भरले आहेत असे आरोप करीत सुटले होते. पुरावा मागितला तर ते नवा आरोप करीत. शिक्षक, नट, ग्रंथपाल, कारकून यांच्या नोकऱ्या नुसत्या संशयावर जाऊं लागल्या. शेजारी शेजाऱ्याशीं जपून बोलूं लागला. मर्रो यांच्या कंपनीनेंहि १९५० च्या अखेरीस सर्व नोकरांकडून राजनिष्ठेचें एक प्रश्नपत्रक भरून घेतलें. मर्रो यांनीं त्यावर सही केली, आणि विचारावयास आलेल्या सहकाऱ्यांसहि सही करण्याचा सल्ला दिला. ते लगेच लढावयास उठले नाहींत, हें येथें नमूद केलें पाहिजे.

१९५३ च्या ऑक्टोबरांत वर्तमानपत्रांतील एक लहानशी हकीकत त्यांच्या नजरेस आली. मिशिगन संस्थानांतील मायलो रॅड्युलोविच या २६ वर्षांच्या वैमानिक दलांतील अधिकाऱ्यास काढून टाकण्याचा हुकूम झाला होता. त्याच्यावर स्वतःवर कांहींच आरोप नव्हता. वडील सर्बियन भाषेचें वर्तमानपत्र वाचतात आणि बहिणीचीं मतें ठीक नाहींत, म्हणून मुलगा धोक्याचा! आरोपांचा लखोटा चौकशींत बंदच राहिला. मर्रो यांनीं त्या मुलास, त्याच्या बापास, बहिणीस, गांवच्या लोकांस पडद्यावर आणून बोलतें केलें. कार्यक्रमाची जाहिरात देण्यास कंपनी तयार होईना, तेव्हां मर्रो व फ्रेंडली यांनीं स्वतःच्या खिशांतून १,५०० डॉलर भरून न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत ती छापविली. पांच आठवड्यांनीं वैमानिक खात्याच्या मंत्र्यांनीं त्याच कार्यक्रमांत येऊन तो हुकूम मागें घेतल्याचें जाहीर केलें.

नंतर १९५४ च्या मार्चची ९ तारीख. अर्धा तास. मर्रो यांनीं त्या रात्रीं फार थोडें स्वतःचें सांगितलें. मॅकार्थी यांचींच बोलतीं चित्रें एकामागून एक लावलीं, आणि प्रत्येकानंतर खरी वस्तुस्थिति काय हें शांतपणें वाचून दाखविलें. शेवटीं श्रोत्यांस, भिऊन गप्प बसल्याची जबाबदारी आपली प्रत्येकाची आहे, असें बजावलें. पुढील दिवसांत हजारों पत्रें व तारा आल्या. अनुकूल पंधरा तर प्रतिकूल एक असें प्रमाण पडलें. मॅकार्थी यांसहि उत्तर देण्यासाठीं तितकाच वेळ देण्यांत आला, आणि एप्रिलच्या ६ तारखेस त्यांनीं मर्रो यांजवरच कम्युनिस्टांचे साथी असल्याचा आरोप केला. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २ तारखेस सेनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं मॅकार्थी यांचा निषेध केला. हें सर्व एका अर्ध्या तासानें घडलें असें मानणारे लेखक आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. सेनेटर मार्गारेट चेस स्मिथ या बाई चार वर्षें आधीं सभागृहांत उभ्या राहून बोलल्या होत्या, अनेक वर्तमानपत्रकारांनीं लिहिलें होतें, आणि लष्करासंबंधींच्या चौकशींत मॅकार्थी यांचें वर्तन लोकांनीं प्रत्यक्षच पाहिलें. मर्रो स्वतःहि आपणांस उशीरच झाला असें म्हणत. तथापि दिवाणखान्यांत बसलेल्या माणसास, आपल्यासारखेंच आणखी कोणास तरी वाटत आहे, हें त्या रात्रीं कळलें, आणि भीतीच्या दिवसांत तेवढें कळणें थोडें नव्हे.

१९५५ च्या एप्रिलच्या १२ तारखेस डॉक्टर जोनास साल्क यांची पोलिओवरील लस सुरक्षित व गुणकारी ठरल्याचें जाहीर झालें. त्याच रात्रीं मर्रो यांनीं त्यांची मुलाखत घेतली व या लसीची मालकी कोणाची असें विचारलें. लोकांची, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि सूर्याचें पेटंट कोणास घेतां येईल काय, असा उलट प्रश्न केला. ही मुलाखत घेतांना मर्रो यांस पाठ वांकलेल्या आपल्या शिक्षिकेची आठवण झाली असेल असें आम्हांस राहून राहून वाटतें.

येथून उतरण सुरू होते. १९५५ च्या जूनच्या ७ तारखेस मर्रो यांच्या कार्यक्रमाच्या लगेच आधींच्या वेळीं चौसष्ट हजार डॉलरांचा एक प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं आणि दर उत्तरास रक्कम दुप्पट व्हावी. देश वेडा झाला. मर्रो यांनीं तो खेळ आपल्या खोलींतून पाहिला आणि आपली ही वेळ आतां किती दिवस आपल्याकडे राहणार, असें फ्रेंडलींस विचारलें. त्यांचा तर्क खरा ठरला. खर्च चालविणाऱ्या ॲल्युमिनियम कंपनीनें हात काढून घेतला, आठवड्याचा कार्यक्रम वर्षांतून कांहीं थोड्या वेळां होऊं लागला, आणि १९५८ च्या जुलैंत बंद पडला. अशा खेळांपैकीं कित्येकांत उत्तरें आधींच पढविलेलीं असत हें मागाहून बाहेर आलें. दुसऱ्या एका कंपनीच्या खेळांत १,२९,००० डॉलर जिंकून घराघरांत पूज्य झालेले चार्ल्स व्हॅन डोरेन यांनीं १९५९ च्या नोव्हेंबरांत तें कबूल केलें. ते कोलंबिया विद्यापीठांत शिकवीत असत, म्हणजे आमच्याच पेशांतले. लिहितांना लाज वाटते.

मर्रो यांनींहि गंमतीचे कार्यक्रम केले नाहींत असें नाहीं. १९५३ पासून नटनट्या व पुढारी यांच्या घरांत चित्रयंत्रें नेऊन त्यांच्याशीं गोडगोड गप्पा मारण्याचा त्यांचा दुसरा एक कार्यक्रम होता, आणि पाहणारे त्यासच जास्त असत. १९५८ च्या ऑक्टोबरांत मात्र निराळा प्रयोग त्यांनीं केला : दिल्लींतून पंडित जवाहरलाल नेहरू, इटलींतून ग्रंथकार ऑल्डस हक्सली आणि अमेरिकेंतून टॉमस ड्यूई अशा तिघांस त्यांनीं एकमेकांशीं बोलावयास लाविलें. त्याच महिन्याच्या १५ तारखेस शिकागो येथें आपल्या धंद्यांतील लोकांपुढें त्यांनीं केलेलें भाषण कडू होतें. हें यंत्र लोकांस शिकवूं शकेल, पण नफ्याच्या हांवेनें त्याचा उपयोग लोकांस जगाचा विसर पाडण्याकडे होत आहे, असा त्याचा आशय. त्या भाषणानंतर त्यांचें व कंपनीच्या धन्यांचें पूर्वीसारखें जमलें नाहीं.

शेवटचें मोठें काम १९६० च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस, आभारप्रदर्शनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं दाखविण्यांत आलें. भरल्या ताटावरून उठलेल्या कुटुंबांस मर्रो यांनीं तीं फळें व भाज्या तोडणारीं माणसें दाखविलीं : ट्रकमध्यें उभीं राहून शेतामागून शेतें हिंडणारीं, वर्षाकांठीं ९०० डॉलरांवर पोट भरणारीं, मुलें शाळेंत न घालतां शेतांत नेणारीं. आणि मग एक खेदाची गोष्ट. १९६१ सालीं अध्यक्ष केनेडी यांनीं त्यांस परदेशांत अमेरिकेची माहिती देणाऱ्या सरकारी खात्याचे मुख्य नेमिलें. तोच चित्रपट ब्रिटिश लोक आपल्याकडे दाखविणार असें कळतांच, त्यानें देशाची बदनामी होईल म्हणून तो दाखवूं नये, अशी विनंति मर्रो यांनीं केली. ब्रिटिशांनीं ती मानली नाहीं. जो मनुष्य वीस वर्षें दुसऱ्यांच्या दडपणापुढें वांकला नाहीं तो स्वतःच्या खुर्चीखालीं असा वांकला.

त्यांच्या हातांत सदैव सिगारेट असे. दिवसास साठांहून अधिक. सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे दोन कार्यक्रम १९५५ सालीं त्यांनीं स्वतः केले होते. व्यसन सुटलें नाहीं. १९६३ च्या ऑक्टोबरांत एक फुप्फुस काढून टाकावें लागलें आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं त्यांनीं नोकरी सोडली. १९६५ च्या मार्चमध्यें इंग्लंडच्या राणीनें त्यांस सन्मान्य नाइट केलें. एप्रिलच्या २७ तारखेस, सत्तावन्न वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले असतां, न्यू यॉर्क संस्थानांत पॉलिंग येथील आपल्या शेतावर ते वारले. त्यांची रक्षा त्याच शेतांत विखुरण्यांत आली.